गोत्तिल्ला शास्त्र : यशवंतपूरच्या नवशिक्या पक्षीमोजणाऱ्यांसाठी

मराठी माणूस बंगळुरात राहायला आला की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतात : 'कन्नड गोत्तिल्ला.' कानडी येत नाही. रिक्षावाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना हे एकच वाक्य पुरतं. निवृत्तीनंतर मी लेकीकडे यशवंतपूरला आलो त्याला सात वर्षं झाली, आणि माझं कानडी त्या वाक्याच्या फारसं पुढे सरकलेलं नाही. पण त्यातला दुसरा शब्द माझ्या रोज सकाळी कामी येतो. मी पक्षी मोजतो. जो पक्षी ओळखू येत नाही त्याच्यापुढे 'गोत्तिल्ला' लिहायची हिंमत ज्याच्यात नसेल, त्याने ही मार्गदर्शिका इथेच मिटावी आणि सँकी टँक या तळ्याला चार फेऱ्या मारून घरी जावं. तब्येतीला तेही चांगलंच.

या कामाला हल्ली नागरिक विज्ञान म्हणतात. नाव भारदस्त, काम शाळामास्तरचं : हजेरी घ्यायची. कोण आलं, किती आले, कुठे, किती वाजता. देश अवाढव्य, शास्त्रज्ञ मूठभर. त्यांना एकाच सकाळी सगळीकडे उभं राहता येत नाही. म्हणून तुमच्याआमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी नोंदी करायच्या आणि त्या ढिगातून त्यांनी अर्थ काढायचा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत नाताळला पक्षी मारायची चढाओढ असायची. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचवलं, यंदा मारू नका, मोजा. त्या वर्षी सत्तावीस जण मोजायला निघाले. ती मोजणी अजून चालू आहे.

साहित्य

एक वही. एक शिसपेन, कारण पावसात शाई पसरते. टोपी. फोन, त्यात खाली सांगितलेली अॅपं. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. घार आणि कावळा देवाने डोळ्यांना दिसतील एवढे मोठे केलेत. लांब नळीचा कॅमेरा मात्र पहिलं वर्षभर घेऊ नये. तो आला की माणूस निरीक्षक उरत नाही, फोटोग्राफर होतो, आणि फोटोग्राफरला फक्त पोझ देणारे पक्षी दिसतात. याखेरीज एक सोशीक कुटुंब लागतं. ते बाजारात मिळत नाही.

अॅपांचं म्हणाल तर पक्ष्यांसाठी ईबर्ड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ साली ते सुरू केलं. आपल्याकडे बर्ड काउंट इंडिया हा गट त्याची देखभाल करतो. किडामुंगीपासून अळंबीपर्यंत बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट. ते २००८ साली बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून केलं होतं. एकाच झाडाकडे वर्षभर बघत बसायची चिकाटी असेल तर सीझनवॉच : एक झाड निवडायचं, दर आठवड्याला पानं, फुलं, फळं यांपुढे 'नाही', 'थोडं' किंवा 'खूप' लिहायचं. माझ्या बायकोने मत्तिकेरेतला एक करंज घेतलाय. कानडीत त्याला होंगे म्हणतात. तो कधी फुलतो हे आमच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा तिच्या जास्त लक्षात असतं. आणि फुलपाखरांचं वेड असेल तर इथून जवळच, हेब्बाळच्या पलीकडे जीकेव्हीके कृषी विद्यापीठाच्या आवारात, एनसीबीएस ही जीवशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथे 'एका रानवेड्याची शोधयात्रा' लिहिणारे आपले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी लोकांनी पाठवलेल्या फोटोंमधून भारतातल्या फुलपाखरांचा कोश चालवतात. बाल्कनीतलं हळदीकुंकू तिकडे पाठवता येतं. मी फुलपाखराबद्दल बोलतोय.

जागा

आता प्रत्यक्ष कृती. आधी जागा नीट सांगायची. हे सोपं वाटतं, म्हणूनच यात नवशिका पहिल्यांदा आपटतो.

माझी गोष्ट सांगतो. एका सकाळी सँकी टँकवर गेलो होतो. हे तळं १८८२ साली कर्नल सँकी नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने बांधवून घेतलं. तिथे पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात, ते सहा मोजले, वहीत लिहिले. अॅपात यादी भरायची राहिली. मग साडूंना आणायला यशवंतपूर स्टेशनवर गेलो, गाडी नेहमीप्रमाणे लेट, फलाटावर बसून यादी भरली. फोनने जिथे मी होतो तिथेच टाचणी टोचली. पुढचे चार दिवस साऱ्या जगाच्या दृष्टीने यशवंतपूर स्टेशनच्या फलाट क्रमांक एकवर सहा पाणकावळे उभे होते. बहुधा पंढरपूर एक्स्प्रेसची वाट बघत असावेत.

पाचव्या दिवशी तपासनिसाचं पत्र आलं. ईबर्डवर प्रत्येक भागासाठी असे स्वयंसेवक असतात. एखादी नोंद त्या जागेला, त्या महिन्याला किंवा त्या संख्येला विसंगत दिसली की यंत्रणा ती बाजूला काढते, मग हे तपासनीस विचारणा करतात. फार नम्रपणे विचारतात. 'आपल्या सुंदर यादीबद्दल आभार. जागा एकदा तपासून पाहाल का?' पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या गोड भाषेत माझी चूक कुणी दाखवली नव्हती. त्यामुळे लाज जास्त वाटली.

वेळ

पंधरा मिनिटं तरी एका दमात बघायचं, आणि सुरुवात-शेवट लिहून ठेवायचं. कारण पाच मिनिटांत दिसलेले दहा पक्षी आणि दोन तासांत दिसलेले दहा पक्षी यांचा अर्थ एक नव्हे. यशवंतपुरात पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला नुसतं वर बघत उभं राहणं हीच एक परीक्षा आहे. पहिल्या मिनिटाला रिक्षा थांबते. चौथ्या मिनिटाला आणखी दोघं वर बघायला लागतात. आठव्या मिनिटाला वॉचमन येतो. म्हणून एक सक्त सूचना : दुर्बीण इमारतींच्या बाजूला वळवू नये, पक्षी कितीही दुर्मीळ असला तरी. पोपट अमुक मजल्याच्या खिडकीवर बसला होता, हे स्पष्टीकरण कुठल्याही भाषेत पटत नाही. कानडीत तर मुळीच नाही.

मोजणी

बंगळुरात प्रत्येक अडचणीवर एक उतारा आहे : 'स्वल्प अॅडजस्ट माडी.' जरा सांभाळून घ्या. बसमध्ये सीट, गल्लीत पार्किंग, लग्नात पंगत, सगळं यावर चालतं. मोजणी चालत नाही. चाळीस पारवे दिसले तर चाळीस लिहायचे. पन्नास म्हणजे छान गोल आकडा म्हणून पन्नास नाही.

शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे आमची बाजार समिती. मंडईचं हे आवार प्रचंड आहे. आपल्याकडचा कांदा, बटाटा, लसूण माझ्याही आधीपासून इथे मुक्कामाला येतोय. पोत्यांवरचे मराठी शिक्के वाचले की मला माहेरी गेल्यासारखं वाटतं. सकाळी सातला गाळ्यांच्या पत्र्यांवर पारवे बसलेले असतात. आधी दहा मोजायचे आणि दहांनी पत्र्याची किती लांबी व्यापली ते डोळ्यांत धरायचं. मग तेवढी लांबी पुढे पुढे टाकत जायची : वीस, तीस, चाळीस. एवढ्यात खाली हमाल पाठीवरचं पोतं धप्पकन टाकतो. सगळा थवा उडतो, एक वळसा घेतो, आणि निम्मा समोरच्या पत्र्यावर उतरतो. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदाही हेच झालं तर अॅपमध्ये आकड्याच्या जागी फुली मारायची सोय आहे. फुली म्हणजे 'होते, मोजता आले नाहीत.' ती लाजेची गोष्ट नाही. पण रोज फुली मारणाऱ्याने स्वतःला मोजणारा म्हणवून घेऊ नये.

कानडीत पारव्याला पारिवाळ म्हणतात. एवढा एक शब्द मला न शिकवता आला.

गरुड

प्रत्येक नवशिक्याच्या आयुष्यात पहिल्या महिन्यात गरुड येतो. माझ्याही आला. फ्लायओव्हरच्या वर, मोठा, तपकिरी, घिरट्या घालणारा. मी धडधडत्या काळजाने नोंद केली, घरच्या ग्रुपवर टाकली, सोलापूरच्या मेहुण्याने अंगठा दाखवला. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "अहो, ती घार आहे. रोज असते." मी म्हटलं, "तुला काय कळतं?" तपासनिसाने विचारलं, 'शेपटी पाहिली होती का?'

शेपटी बघा. आपल्या साध्या घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते, आणि ती वळताना शेपूट सुकाणूसारखी तिरपी करते. ब्राह्मणी घारीची शेपूट टोकाला गोल, अंग विटकरी, डोकं पांढरं. यशवंतपूरच्या आभाळात वर जे काही फिरताना दिसतं ते घार आहे असं धरून चाला. नाही असं वाटलं तर पुरावा तुम्ही द्यायचा, घारीने नव्हे.

घारींच्या माझ्या नोंदींत फुलवाल्या अम्मांनी शिकवलेलं जास्त आहे. त्या कोपऱ्यावर शेवंती आणि मोगरा विकतात. मी वर बोट दाखवलं की त्या म्हणतात, "हद्दु." म्हणजे घार. एकदा मोडक्या हिंदीत म्हणाल्या, की आत्ता कशाला मोजताय, आठ वाजता मटणाचं दुकान उघडतं, तेव्हा या. मी वहीची मागची पानं काढली. तीन आठवड्यांत आठच्या आधी एकाही यादीत चारांच्या वर घारी नव्हत्या. आठनंतरच्या सगळ्या याद्यांत दहाच्या वर. अम्मांकडे अॅप नाही. घड्याळही नाही.

अशा माणसांचं ज्ञान कागदावर यावं म्हणून एका पुणेकराने जन्म वेचला. माधव गाडगीळांनी इथे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, १९८३ साली सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस उभं केलं. ज्या संस्थेला बाहेरचे लोक आयआयएस्सी म्हणतात आणि इथला जुना रिक्षावाला टाटा इन्स्टिट्यूट, तिच्या आवारात. गावागावातल्या लोकांनीच आपल्या जिवाजंतूंची नोंदवही लिहावी ही त्यांची कल्पना, लोक जैवविविधता नोंदवही, पुढे २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या अंमलात आली. बऱ्याच गावी ती वही ठेकेदाराने एकाच मजकुराच्या प्रती काढून भरली असेल असा मला संशय आहे. पण तो दोष वहीचा नव्हे.

हजेरीपट

आता मुख्य गोष्ट. घाई असेल त्याने एवढंच वाचलं तरी चालेल.

यादी संपली की अॅप एक प्रश्न विचारतं : ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का? इथे 'हो' म्हणता आलं पाहिजे. म्हणजे कावळा, पारवा, साळुंकी, सगळे. नवशिक्याला वाटतं, कावळा काय लिहायचा, तो असतोच. आता असा मास्तर डोळ्यांपुढे आणा, जो फक्त पहिल्या नंबरच्या पोराची हजेरी लावतो. बाकीचे पंचेचाळीस असतातच म्हणून तो लिहीत नाही. वर्षाअखेरीस इन्स्पेक्टर येतो आणि विचारतो, मागच्या बाकावरचा तो मुलगा शाळा सोडून कधी गेला? मास्तर काय सांगणार? 'गोत्तिल्ला', पण चुकीच्या जागी.

पूर्ण यादीची किंमत ही आहे. तिच्यात जे नाव नाही ते त्या पंधरा मिनिटांत दिसलं नाही, असं म्हणता येतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आली, दहा वर्षांपूर्वी किती याद्यांत येत होती, हे ताडून बघता येतं. नुसत्या गरुडांच्या नोंदींतून हे कधीच निघत नाही.

चिमणीचंच उदाहरण घ्या. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आहेत. चिमण्या मोबाइल टॉवरने मारल्या हे त्यांनी मला लिफ्टमध्ये किमान वीस वेळा सांगितलंय, तेही मोबाइल कानाला लावून. २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. एक कोटीहून जास्त नोंदी, ८६७ जातींचा हिशोब, बहुतेक सगळा तुमच्याआमच्यासारख्यांच्या याद्यांतून. त्यातून दिसलं ते असं : देशभराचा विचार करता चिमणी गेल्या पंचवीस वर्षांत साधारण आहे तशीच आहे, मोठ्या शहरांत मात्र, बंगळूर आणि मुंबई त्यांत आलेच, ती कमी झालीय. टॉवरच्या लहरींविरुद्ध ठोस पुरावा त्या अहवालाला सापडला नाही. पिल्लांना भरवायला किडे कमी, घरटं करायला कोनाडे कमी, असल्या साध्या गोष्टींकडे बोट जास्त जातं. मी हे लिफ्टमध्ये सांगून पाहिलं. तिसरा मजला लवकर येतो.

२०२३ चा अहवाल आला तेव्हा नोंदी तीन कोटींच्या पुढे गेल्या होत्या, निरीक्षक तीस हजारांवर, जाती ९४२. त्या तीन कोटींत माझे पारवेही आहेत. फलाटावरचे पाणकावळे दुरुस्त करून घेतले.

तुळस

हा धडा छोटा आहे. आयनॅचरलिस्टवर कुंडीतली तुळस टाकू नये. टाकलीच तर 'लावलेली' अशी खूण करावी, कारण तिथे आपोआप उगवलेलं आणि आपोआप आलेलं हवं असतं. शेजाऱ्यांचा कुत्रा, लग्नातला पोपट, फिश टँकमधला मासा, तेच. आणि अस्पष्ट फोटोवर अॅप जी नावं सुचवतं त्यातलं पहिलं डोळे मिटून घेऊ नये. आमच्याकडच्या काथ्याच्या घासणीला त्याने एकदा पूर्ण आत्मविश्वासाने एक प्राणी ठरवलं होतं.

तिथे नोंदीला 'संशोधन दर्जा' मिळायचा तर फोटो, तारीख आणि जागा लागतेच, शिवाय ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत लागतं. ग्रामसभाच म्हणा. मग नवशिक्या काय करतो? भाच्याला फोन करतो, की माझ्या नोंदीवर जाऊन 'बरोबर' दाब. भाचा नागपूरला आयटीत, त्याला कोळी आणि झुरळ यांतला फरक ठाऊक नाही, पण मामाची इज्जत. तो दाबतो. असं करू नका. मी केलंय. ते कोळ्याचं नाव अजून चुकीचं आहे, आणि आता भाचा बदलायला तयार नाही.

रात्र

टाटा इन्स्टिट्यूटच्या जुन्या झाडांत रात्री एक प्राणी हिंडतो. इंग्रजीत लोरिस. कानडीत काडुपाप, रानातलं बाळ. मूठभर अंग, काटक्यांसारखे हातपाय, चेहऱ्यापेक्षा मोठे वाटणारे डोळे. फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीवर उतरायला राजी नसतो. म्हणून झाडांची रांग मध्ये तुटली की त्याचा रस्ता बंद होतो. शहरातल्या लोरिसांचा शोध घ्यायला इथे स्वयंसेवकांचे गट लाल उजेडाचे टॉर्च घेऊन रात्री हिंडलेत. डोळ्यांची चमक दिसली की थांबायचं, मोजायचं, निघायचं.

इथे नियम उलटा होतो. आत्तापर्यंत जागा अचूक सांगा म्हणालो. लोरिसची सांगू नका. काळ्या जादूच्या खुळापायी त्याला पकडून विकणारे आहेत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, पण पकडणारे अनुसूची वाचत नाहीत. आयनॅचरलिस्ट अशा संकटातल्या जातींचं ठिकाण नकाशावर मुद्दाम पुसट करतं. तुम्ही घरच्या ग्रुपवर झाडाखाली उभं राहून सेल्फी टाकलात तर त्या सगळ्या सोयीवर पाणी पडतं.

रविवार

सगळे निरीक्षक रविवारी सकाळी निघतात आणि सगळे जिथे जागा रम्य आहे तिथेच जातात. लालबाग, हेब्बाळचं तळं, सँकी. त्यामुळे नोंदींचा ढीग वाढतो तो रम्य जागांचा. मालधक्का, पीण्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, बाजार समिती यांच्या वाट्याला कोण जाणार? केरळात लोकांनी यावर उपाय केला. २०१५ ते २०२० या काळात राज्यभर चौकटी आखून, चिठ्ठी येईल त्या चौकटीत जायचं असं ठरवून, हजारावर स्वयंसेवकांनी तीन लाखांच्या वर नोंदी केल्या. चौकटीत रबराचा मळा आला तर मळा, बसस्टँड आला तर बसस्टँड. एवढी शिस्त आपल्याला जमेल की नाही, याचं उत्तर पुन्हा तोच शब्द आहे.

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. भारत २०१३ पासून त्यात आहे. यंदा मी बाजार समितीच्या गेटवर उभा असेन, सकाळी पावणेसातपासून. पारवे मोजायला दोन डोळे पुरत नाहीत, त्यामुळे एक जागा रिकामी आहे. दुर्बीण नसली तरी चालेल. वही आणा. आणि जमलं तर कानडी येणारं कुणी या. फुलवाल्या अम्मांना चिमण्यांबद्दल विचारायचंय आणि मला अजून तो प्रश्न त्यांच्या भाषेत विचारता येत नाही.